उखळ कुठे बसवायची? डिसप्लेशियातल्या हिप रिप्लेसमेंटमागचं गणित

एक्स-रे वाचायची सवय नसलेल्यालाही खुब्याचा डिसप्लेशिया, म्हणजे सांध्याची उखळ उथळ आणि तिरकी राहण्याचा दोष, बहुतेक वेळा नजरेने कळतो. निरोगी बाजूला मांडीच्या हाडाच्या गोल डोक्यावर कंबरेच्या हाडाचं छप्पर जवळजवळ आडवं आलेलं असतं, डोकं नीट झाकून घेतलेलं. दुखऱ्या बाजूला तेच छप्पर अर्धवट उघडलेल्या पेटीच्या झाकणासारखं बाहेरच्या अंगाला वर उचललेलं असतं आणि डोक्याचा बाहेरचा भाग उघडा पडलेला असतो. हे नुसतं डोळ्यांनी न ठरवता मोजायचं कसं, ते स्वीडनचे गुन्नर विबर्ग यांनी १९३९ मध्ये दाखवलं. डोक्याच्या मध्यातून एक रेघ सरळ वर काढायची, दुसरी रेघ तिथूनच छपराच्या बाहेरच्या कडेपर्यंत. या दोन रेघांमधला कोन २५ अंशांच्या वर असेल तर छप्पर पुरेसं आहे. २० च्या खाली गेला तर डिसप्लेशिया.

शाळेत आपण या सांध्याला 'उखळीचा सांधा' म्हणायला शिकतो. नाव अगदी चपखल आहे, फक्त एक गैरसमज त्यातून होतो. उखळ आधी तयार असते आणि चेंडू, म्हणजे मांडीच्या हाडाचं ते गोल डोकं, मग तिच्यात बसतो, असं वाटतं. शरीरात दोन्ही एकमेकांच्या सोबतीने घडतात. कंबरेची तीन हाडं, इलियम, इस्कियम आणि प्युबिस, उखळीच्या तळाशी वाय आकाराच्या कूर्चेने जोडलेली असतात आणि वाढत्या वयात ही कूर्चा वाढत राहते. चेंडू मध्यावर नीट बसलेला असेल तर त्याच्याभोवती वाटीसारखी खोल उखळ तयार होते. चेंडू बाहेर सरकलेला राहिला तर उखळीला आकार देणारं कोणी उरत नाही; ती उथळ आणि तिरकी राहते. म्हणूनच तान्ह्या बाळाचा खुबा सैल आढळला की गुडघे वाकवून मांड्या फाकवून ठेवणारा पट्टा लावतात. चेंडू जागेवर धरला की उखळ आपली आपण सुधारते. ही संधी हुकली, किंवा दोष लक्षातच आला नाही, तर पुढे सांध्यातली कूर्चा झिजते आणि इतर रुग्णांपेक्षा बऱ्याच लहान वयात सांधा बदलण्याची वेळ येते.

आता प्रश्न असा की सांधा बदलायचाच आहे, तर नवी वाटी, म्हणजे कृत्रिम उखळ, आहे त्या जागी बसवून का मोकळं होत नाहीत? डिसप्लेशियातलं ऑपरेशन नेहमीच्या हिप रिप्लेसमेंटपेक्षा इतकं अवघड का मानतात? याचं उत्तर तरफेत आहे.

एका पायावर उभं राहून बघा. उजव्या हाताचा तळवा उजव्या खुब्याच्या बाहेरच्या बाजूला, कंबरेच्या हाडाच्या जरा खाली ठेवा आणि डावा पाय उचला. तळव्याखालचा स्नायू एकदम घट्ट होतो. चालताना प्रत्येक पावलाला हेच घडतं. एक पाय हवेत असतो तेव्हा धड आणि तो उचललेला पाय यांचं वजन कंबर त्या बाजूला खाली पाडू पाहतं. बाहेरच्या बाजूचा हा स्नायू ती धरून ठेवतो. टेकू म्हणजे खुब्याचा चेंडू. टेकूच्या आतल्या बाजूला शरीराचं वजन, बाहेरच्या बाजूला स्नायूची ओढ. पाठ्यपुस्तकातल्या भारभुजा (टेकूपासून वजनापर्यंतचं अंतर) आणि बलभुजा (टेकूपासून ओढीपर्यंतचं अंतर) इथे प्रत्येक पावलाला राबत असतात.

साधे आकडे घेऊ. वजन ६० किलो. उभा पाय सोडून उरलेलं शरीर साधारण ५० किलो. हे वजन टेकूपासून १० सेंटिमीटर आत काम करतं असं धरा, आणि स्नायू ५ सेंटिमीटर बाहेर. तोल राखायला स्नायूला ५० गुणिले १० भागिले ५, म्हणजे १०० किलोची ओढ लावावी लागते. टेकूवर दोन्हींचा दाब पडतो: ५० अधिक १००, एकूण १५० किलो. शरीराच्या वजनाच्या अडीचपट! आणि हे नुसतं एका पायावर उभं राहिल्यावर. खऱ्या सांध्यात स्नायू तिरका ओढतो, त्यामुळे आकडे थोडे हलतात, पण हिशेबाचा गाभा हाच. जर्मन सर्जन फ्रीडरिश पाउवेल्स यांनी हा हिशेब कागदावर मांडला. पुढे बर्लिनमध्ये गेओर्ग बेर्गमान यांच्या गटाने कृत्रिम सांध्यातच मोजयंत्र बसवून, रेडिओने आकडे बाहेर आणून तो तपासला. साध्या चालीत त्यांना शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार दिसला. रुग्ण अडखळला त्या क्षणी तो सात-आठ पटींपर्यंत गेला.

आता डिसप्लेशियाचा खुबा घ्या. चेंडू बाहेर आणि वर सरकलेला आहे. समजा टेकू २ सेंटिमीटर बाहेर गेला. भारभुजा १० ची १२ झाली. मांडीच्या हाडाची मानही अशा खुब्यात अनेकदा आखूड किंवा जास्त सरळ उभी असते, त्यामुळे बलभुजा ५ ची ४ झाली. स्नायूची ओढ ५० गुणिले १२ भागिले ४, म्हणजे १५० किलो. सांध्यावर एकूण २०० किलो. रुग्णाचं वजन एक किलोनेही वाढलेलं नाही, तरी सांध्यावर प्रत्येक पावलाला ५० किलो जादा. त्यात चेंडू वर गेल्यामुळे स्नायूची लांबी कमी होते, आणि सैल पडलेला स्नायू जोर लावू शकत नाही. मग कंबर विरुद्ध बाजूला खाली झुकते, किंवा पडू नये म्हणून माणूस प्रत्येक पावलाला धड दुखऱ्या बाजूला झुकवतो. निखळलेल्या खुब्याच्या रुग्णांची चाल अशी का होते, हे फ्रीडरिश ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १८९५ मध्ये समजावलं. त्याआधी दोष हाडाचा मानला जात होता. त्यांनी बोट ठेवलं ते स्नायूवर. लंगडणाऱ्या माणसाला 'नीट सरळ चाल' म्हणणाऱ्यांनी हे जरूर समजून घ्यावं. तो झुकतो तेव्हा शरीराचं वजन टेकूजवळ आणून तो भारभुजा कमी करत असतो. त्याचं शरीर हा हिशेब न शिकता बरोबर सोडवत असतं.

भार जास्त, ही अर्धीच अडचण. तो पेलणारी जागाही कमी. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. खोल उखळीत भार मोठ्या पृष्ठभागावर वाटला जातो. उथळ उखळीत तो छपराच्या बाहेरच्या कडेपाशी एकवटतो. छप्पर तिरकं असल्यामुळे भाराचा काही हिस्सा चेंडूला बाहेर घसरवण्यात जातो. चेंडू घसरला की झाकलेली जागा आणखी घटते, दाब आणखी वाढतो, कड आणखी झिजते. हे दुष्टचक्र एकदा सुरू झालं की आपसूक थांबत नाही.

म्हणजे कृत्रिम वाटी बसवताना टेकू परत आत आणि खाली, मूळ जागी आणायला हवा. एक्स-रेमध्ये उखळीच्या तळाशी अश्रूच्या थेंबासारखी एक खूण दिसते. डिसप्लेशियातही ही खूण बहुधा जागेवर सापडते, म्हणून सर्जन तिच्यावरून मूळ उखळीचा ठाव घेतात. आत सरकवण्याचा फायदा दुहेरी आहे, हे लक्षात घ्या. टेकू १ सेंटिमीटर आत गेला आणि मांडीचं हाड होतं तिथेच राहिलं, तर भारभुजा एकने कमी होते आणि बलभुजा एकने वाढते. आपल्या पहिल्या उदाहरणात १० आणि ५ च्या जागी ९ आणि ६ घालून बघा. स्नायूची ओढ १०० वरून ७५ वर येते, सांध्यावरचा भार १५० वरून १२५ वर. एका सेंटिमीटरची ही करामत मला या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. मात्र त्यासाठी मांडीच्या हाडात बसणाऱ्या दांड्याची मान पुरेशी बाहेर काढलेली हवी. टेकूबरोबर मांडीचं हाडही आत गेलं तर बलभुजा वाढतच नाही, फायदा निम्म्याहूनही कमी उरतो.

मग घोडं अडतं कुठे? हाडात. तरफ जिथे चांगली, तिथे वाटी धरून ठेवायला पुरेसं हाड नाही. हाड जिथे आहे, तिथे तरफ वाईट. या खुब्याच्या उखळीची प्रत्येक शस्त्रक्रिया म्हणजे या भांडणात काढलेली एक तडजोड आहे.

हाड किती आणि कुठे कमी आहे, हे चेंडू किती सरकला यावर अवलंबून असतं. १९७९ मध्ये क्रो, मणी आणि राणावत यांनी केलेली चार प्रकारांची वर्गवारी आजही वापरतात. चेंडू आपल्या उंचीच्या निम्म्याहून कमी वर सरकला तर पहिला प्रकार, ५० ते ७५ टक्के दुसरा, ७५ ते १०० टक्के तिसरा, आणि त्याहून वर गेला तर चौथा. वाटेल की चौथ्यात उखळीचं छप्पर सर्वांत खराब असणार. तसं नसतं. दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारात चेंडू मूळ उखळीच्या कडेवरच घासत असतो, त्यामुळे वरचं-बाहेरचं छप्पर खाऊन टाकतो. चौथ्यात तो पार वर निघून गेलेला असतो, म्हणून मूळ उखळीची कड बऱ्याचदा शाबूत राहते. तिथली अडचण निराळी: उखळ लहान, त्रिकोणी आणि आतलं हाड मऊ. हाड भाराच्या हाकेला ओ देतं, हे युलियुस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडलेलं तत्त्व इथे उलट बाजूने दिसतं. ज्या उखळीवर आयुष्यभर भार आलाच नाही, तिने मजबूत हाड बनवलंच नाही.

सगळ्यात सरळ तोडगा म्हणजे वाटी आणखी आत नेणं. उखळीचा तळ रीमरने, म्हणजे खवणीसारखे दात असलेल्या अर्धगोलाने, आतल्या पातळ भिंतीपर्यंत कोरायचा. वाटी आत गेली की वरचं आहे तेवढं छप्पर तिला पुरतं आणि बाहेरून हाड जोडावं लागत नाही. काही सर्जन आतली भिंत मुद्दाम, हिशेबाने मोडून वाटी आणखी आत बसवतात आणि तळाला हाडाचा चुरा भरतात. याला कोटिलोप्लास्टी म्हणतात. तरफेच्या दृष्टीने याहून चांगलं काही नाही. किंमत एवढीच की आतलं हाड खर्ची पडतं. रुग्ण तरुण असेल तर पंधरा-वीस-पंचवीस वर्षांनी वाटी पुन्हा बदलावी लागू शकते, आणि तेव्हा त्याच हाडाची गरज भासते.

दुसरा मार्ग म्हणजे हाड आहे तिथे, थोडं वर, वाटी बसवायची. ऑपरेशन सोपं होतं, वाटीला जिवंत हाडाचा भक्कम आधार मिळतो. इथे एक बारकावा फार महत्त्वाचा आहे. टेकू सरळ वर नेला तर सांध्यावरचा भार फारसा वाढत नाही. वर आणि बाहेर नेला तर भुजांचं गणित बिघडतं, भार बराच वाढतो आणि वाटी सैल पडण्याची भीती वाढते. म्हणजे 'वर' चालेल, 'बाहेर' नको. तरी वरच्या जागेचे तोटे आहेतच. पाय आखूड राहतो, स्नायू सैल राहतात आणि मांडी वाकवताना तिचं हाड कंबरेच्या हाडाला अडू शकतं. माझं स्वतःचं मत, या विषयाबद्दल वाचून बनलेलं: थोडंसं वर, पण आत, ही तडजोड बऱ्याच खुब्यांत शहाणपणाची आहे. बाहेर ठेवलेली वाटी मात्र सोयीखातर स्वीकारू नये.

तिसरा मार्ग म्हणजे नवं छप्पर बांधायचं. ऑपरेशनमध्ये मांडीच्या हाडाचं जे डोकं कापून काढायचंच असतं, तेच कोरून उखळीच्या बाहेरच्या कडेवर स्क्रूने बसवतात. रुग्णाचंच हाड रुग्णाच्याच छपराला! विल्यम हॅरिस यांनी १९७० च्या दशकात ही पद्धत पुढे आणली आणि सुरुवातीचे निकाल उत्तम होते. वर्षं उलटली तशा वाट्या सैल पडू लागल्या, विशेषतः जिथे सिमेंटने बसवलेल्या वाटीचा मोठा भाग या जोडलेल्या हाडावरच टेकला होता. कारण समजून घेण्यासारखं आहे. बसवलेलं हाड सुरुवातीला मृत असतं. शेजारच्या जिवंत हाडातून रक्तवाहिन्या हळूहळू त्यात शिरतात, जुनं हाड खातात आणि नवं घालतात. या घालमेलीच्या काळात ते आधीपेक्षाही कमकुवत होतं. त्या वेळी त्याच्यावर फार भार टाकला तर ते दबतं. आजची रीत म्हणून अशी की वाटीचा बहुतेक भाग रुग्णाच्या जागच्या जिवंत हाडाला टेकलेला हवा, साधारण ७० टक्के तरी, आणि जोडलेल्या हाडाने उरलेला भाग फक्त झाकावा. छपराने हातभार लावायचा, मुख्य खांब व्हायचं नाही.

हाडाच्या जागी धातूचा तुकडाही वापरतात. टँटलम हा धातू स्पंजासारखा सच्छिद्र बनवता येतो आणि त्याचा ताठपणा भरीव टायटॅनियमपेक्षा पुष्कळच कमी, हाडाच्या आतल्या जाळीदार भागाच्या जवळपास असतो. शेजारी फार ताठ धातू असेल तर भार तोच उचलतो आणि हाड बेकार बसून विरळ होतं. वोल्फ यांचं तत्त्व इथेही आडवं येतं. सच्छिद्र धातूत ती भीती कमी, आणि तो हाडासारखा विरघळून जाण्याचीही धास्ती नाही. पण तरुण रुग्णाच्या छपरात नवं हाड भरून निघणं हा फायदा तो देऊ शकत नाही.

वाटी कुठे बसवायची हे ठरलं, तरी ती धरणार कशी? सिमेंटशिवाय बसवतात तेव्हा उखळ वाटीपेक्षा एक-दोन मिलिमीटर लहान कोरतात आणि वाटी ठोकून बसवतात. ठोकताना आवाज बदलतो: आधी पोकळ, मग वाटी पूर्ण बसत आली की भरीव, चढा. सर्जन तो आवाज कान देऊन ऐकतात. हाड ताणलं जातं आणि कडेने वाटीला आवळून धरतं, घट्ट झाकण बसावं तसं. ही पकड मुख्यतः उखळीच्या पुढच्या आणि मागच्या भिंतींमध्ये मिळते. डिसप्लेशियात पुढची भिंत अनेकदा पातळ असते, म्हणून स्क्रूची मदत घ्यावी लागते. मग खरी परीक्षा. वाटीच्या खरखरीत पृष्ठभागातल्या छिद्रांत हाड शिरायला काही आठवडे ते महिने लागतात. तोवर प्रत्येक पावलाला वाटी आणि हाड यांच्यातली हालचाल सुमारे ४० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आत राहिली तर हाड आत वाढतं. ती १५० मायक्रॉनच्या वर गेली तर हाडाऐवजी तंतूंची पातळ पडदी तयार होते आणि वाटी कधीच पक्की होत नाही. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा धरला, तर वाटी जगणार की सैल पडणार हे एक-दोन केसांच्या जाडीवर ठरतं.

इथे एक मोह टाळावा लागतो. छप्पर अपुरं असलं की वाटी जरा उभी फिरवली तर ती हाडाने पूर्ण झाकलेली दिसते आणि एक्स-रे सुंदर येतो. पण उभ्या वाटीत चेंडू तिच्या वरच्या कडेवर टेकतो. तोच कडेचा दाब, ज्याने मूळ सांधा बिघडवला होता, आता प्लॅस्टिकच्या अस्तरावर येतो, आणि सांधा निखळण्याचा धोकाही वाढतो. वाटी आडव्या रेषेशी ४० अंशांच्या आसपास ठेवायची आणि बाहेरची कड थोडी उघडी राहिली तर राहू द्यायची, हे बरं. वाटी पुढे किती तोंड करून बसवायची हेही एकटं ठरवता येत नाही. डिसप्लेशियात मांडीच्या हाडाचा पीळ बऱ्याचदा जास्त असतो, म्हणून दोघांची बेरीज बघून वाटीचं तोंड ठरवावं लागतं.

लहान उखळीत वाटीही लहान बसते. ४४ मिलिमीटरच्या वाटीत २८ मिलिमीटरचा चेंडू ठेवला तर प्रत्येक बाजूला ८ मिलिमीटर उरतात, आणि त्यातच धातूचं कवच आणि प्लॅस्टिकचं अस्तर दोन्ही मावायला हवीत. जुन्या पॉलिथिलीनचं एवढं पातळ अस्तर लवकर झिजायचं. १९९० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या, रेणूंची घट्ट गुंफण केलेल्या पॉलिथिलीनने ही काळजी पुष्कळ कमी केली.

चौथ्या प्रकारात वाटी मूळ जागी आणली की चेंडू तिथपर्यंत खाली ओढावा लागतो, आणि सोबत मांडीमागची जाडजूड सायटिक नसही ताणली जाते. ४ सेंटिमीटरच्या वर एकदम लांबी वाढवणं धोक्याचं मानतात. म्हणून मांडीच्या हाडाचा एक तुकडा मधून कापून काढून ते आखूड करतात आणि टोकं पुन्हा जुळवतात. पाय लांब करायला आलेल्या रुग्णाचं हाड कापायचं, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण टेकू मूळ जागी आणून नस वाचवण्यासाठी हा तुकडा जावाच लागतो.

ऑपरेशननंतर काठी कोणत्या हातात धरायची, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरात येतो. पुष्कळजण दुखऱ्या बाजूच्या हातात धरतात, कारण तिथे आधार हवा असं वाटतं. काठी विरुद्ध हातात हवी. आपल्याच उदाहरणात बघा. विरुद्ध हातातली काठी टेकूपासून साधारण ४० सेंटिमीटर दूर टेकते. तिच्यावर फक्त ५ किलोचा जोर दिला तरी ५ गुणिले ४०, म्हणजे २०० एककं तोल ती राखते. शरीराच्या वजनाची ५० गुणिले १०, म्हणजे ५०० एककं होती. स्नायूला आता ३०० च उचलायची, म्हणजे ६० किलोची ओढ. सांध्यावर भार ५० अधिक ६० वजा ५, एकूण १०५ किलो. १५० होते. पाच किलोच्या जोराने पंचेचाळीस किलो कमी झाले. हाड वाटीत रुजत असतं त्या पहिल्या आठवड्यांत हे पंचेचाळीस किलो दर पावलाला वाचतात, आणि वाटीची हालचाल त्या ४० मायक्रॉनच्या आत राहायला मदत होते.